गाडी आमच्याकडे, रिमोट तुमच्याकडे

सोमवार, ४ तारीख

विहीणबाई,

हा शब्द लिहिला, खोडला, आणि दुसरा काही सुचेना म्हणून पुन्हा तोच लिहिला. पोरांचं लग्न मोडलं ते कोर्टाच्या कागदावर आहे. आपण दोघींनी एकमेकींना आता काय म्हणायचं, ते त्या कागदात कुठेच नाही. मी चष्मा लावून दोनदा वाचला. तुम्हाला दुसरा शब्द सापडला तर कळवा, तोवर हाच चालवून घ्या.

पत्र कामाचं आहे, लांबड लावत नाही. पोरांच्या घरातलं सामान वाटलं गेलं, त्यात आमच्याकडे आलेल्या खोक्यात आपली गाडी निघाली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. रिमोट नाही. लेकाला विचारलं, तर म्हणाला, "तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पिस्तुलासारखं काहीतरी होतं, ते तिने नेलं." म्हणजे तुमच्या लेकीने नेलं, म्हणजे तुमच्या घरी आहे. गाडी आमच्याकडे, रिमोट तुमच्याकडे! दोघं एवढी शिकलेली, एक चमचा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि आपल्या गाडीची अशी वाट लावली. वाटणी साफ चुकली आहे.

तर तेवढा रिमोट पाठवून द्या. कुरिअरने पाठवला तरी चालेल. बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर आत फुटून घाण होते.

फोनच केला असता. पण फोनवर आपण दोघी आधी गप्प बसू, मग रडू, आणि रिमोटचं राहूनच जाईल. म्हणून पत्र.

आमचे हे बरे आहेत. दुकानही चाललंय. लोकांचे डोळे अधू होतायत तोवर आम्हाला मरण नाही.

चष्म्याच्या दुकानातली


बुधवार, १३ तारीख

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. रागावलात असं धरून चालते. मीही रागावले आहे, फक्त कुणावर ते ठरत नाही.

काल गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गाडी खोलायला घेतली. अहो, मागच्या खेपेचा चिखल अजून आत होता! ते डबकं आठवतं का? "यातून निघते की नाही, बघूच," म्हणून तुम्ही मुद्दाम घातलीत, आणि मी काठावरून बोंबलत होते. तो चिखल वाळून टणक झाला होता. चष्म्याच्या ब्रशने झाडत झाडत मागच्या आसाचं झाकण उघडलं आणि माझं पुन्हा तेच झालं, जे पहिल्या दिवशी झालं होतं. ब्रश हातात तसाच राहिला आणि मी बघत बसले.

केवढंसं आहे हो ते! मसुराच्या डाळीएवढं दातेरी चाक, त्याला दुसरं लागलेलं, त्याला तिसरं. मोटर वेड्यासारखी गरगरते, आणि एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता वेग कमी होतो आणि जोर वाढतो. टायरपर्यंत पोचेपोचेपर्यंत वेग गोगलगायीचा उरतो, आणि जोर एवढा की तळहातावर मावणारी वस्तू स्वतःहून उंच दगडावर चढून जाते. मी जन्मभर बारीक स्क्रूच फिरवले. भिंग लावून, श्वास धरून. पण माझे स्क्रू काही हलू नये म्हणून असतात. हलण्यासाठी जोडलेलं असं मी पहिल्यांदा हातात घेतलं ते पोरांच्या घरी, तुमच्याबरोबर.

तो दिवस मला लख्ख आठवतो. लेकाला ऑफिसातल्यांनी भेट दिलेलं खोकं. त्याने उघडलं, पिशव्यांतले ते शेकडो सुटे भाग बघितले आणि मुकाट्याने झाकण लावलं. पोरं सिनेमाला गेली. आपण दोघी "तुम्ही बसा", "छे, आधी तुम्ही बसा" करून दमलो होतो. खरं सांगू? मला तुमची भीतीच वाटत होती. एवढी मोठी बस घाटातून चालवणारी बाई, माझ्याशी काय बोलणार! मी आपलं म्हटलं, बघू या तरी त्या खोक्यात काय आहे. तुम्ही नकाशा घेतलात, मी स्क्रू घेतले. "चार नंबरची पिशवी." "ही घ्या." "यात एक वॉशर जास्त आहे." "जास्त नाही, तुम्ही मागे एक विसरलात." पोरं परत आली तेव्हा स्वयंपाकाचा पत्ता नव्हता, आणि आपण दोघी फरशीवर पालथ्या पडून गाडी तुमच्या चपलेवर चढवत होतो. चढली! तुम्ही टाळीसाठी हात पुढे केलात. विहिणीला टाळी द्यायची म्हणजे मला कसंसंच झालं होतं. दिली मात्र जोरात.

तुमची ती सवयही तेव्हाच बघितली. निघण्याआधी चाकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग जरा थांबायचं आणि मगच पुढे. मी विचारलं हे कशाला, तर म्हणालात, "गाडीला कळायला नको, कोण आलंय ते?" मी हसले होते. पण नंतर मी रिमोट हातात घेतला आणि ती गाडी पहिल्याच दगडाला उताणी पडली, तेव्हा हसू गेलं. तुम्ही अंगठा किती दाबता, कधी सोडता, हे मी कितीदा निरखलं तरी मला जमलं नाही. जोडायची मी आणि चालवायच्या तुम्ही, हे न बोलताच ठरून गेलं.

रिमोट हवाच आहे. पाण्याच्या टाकीमागच्या आपल्या मैदानात जाऊन आले. सासूबाई जागच्या जागी आहेत.

चष्म्याच्या दुकानातली


शुक्रवार, २२ तारीख

विहीणबाई,

सासूबाईंचं कोडं मला सुटलं असं वाटतंय!

मैदानातल्या त्या दगडाला हे नाव तुम्हीच ठेवलंत. "कितीही करा, शेवटी पाडतातच," असं म्हणून. खालचा उतार जमायचा, मधली भेगही जमायची, आणि वरचं ते पुढे आलेलं नाक आलं की गाडी मागे कलंडून थेट खाली. तुम्ही डावीकडून घातलीत, उजवीकडून घातलीत, तिरकी घातलीत. तुम्ही म्हणायचात, "चालवायला कमी पडते मी." तुमचं कमी नव्हतं. माझं होतं. बॅटरी मी मागे बसवली होती, आणि तीही उंचावर. चढताना सगळा भार मागे जायचा, मग नाक आलं की ती उलटणार नाही तर काय करेल!

आता बॅटरी पुढे घेतली आणि अगदी खाली बसवली. दुकानात चष्मे मांडायचा जुना पितळी स्टँड होता, त्याच्या दांड्याच्या लेथवाल्याकडून दोन कड्या कापून घेतल्या आणि वजनासाठी पुढच्या चाकांच्या पोटात घातल्या. आमचे हे म्हणाले, "चांगला स्टँड मोडलास." म्हटलं, मोडायचे दिवसच आहेत. मग मी बोलायला नको होतं असं वाटलं, कारण लेक तिथेच बसला होता.

चाकांचे धक्के झेलणारे ते चारही शॉक उघडले, नवीन तेल भरलं. सुईने थेंब थेंब. एकही गळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

एवढं सगळं केलं, पण चढते की नाही कसं कळणार? हाताने ढकलली तर चाकं फिरत नाहीत, नुसती फरफटते. आतली सगळी चाकं एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की बाहेरून कुणी रेटून काही होत नाही, हुकूम आतूनच यावा लागतो. किती शहाणं डोकं असेल हे करणाऱ्याचं!

रोज संध्याकाळी मी गाडी काचेच्या शोकेसमध्ये ठेवते आणि बॅटरी जोडते. आत तो छोटा लाल दिवा लुकलुकायला लागतो. रिमोट सापडला की तो स्थिर होतो, हे तुम्हाला माहीतच आहे. सापडत नाही, मग लुकलुकत राहतो. मी हिशेबाचं काम करता करता मधूनच त्याच्याकडे बघते. शोकेसमधल्या चष्म्यांच्या काचांतही दिसतो, एवढ्या सगळ्या काचांत एकदम.

परवा लेक दुकानात आला होता. मला म्हणाला, "आई, तू अजून त्यांना लिहितेस?" मी म्हटलं, रिमोटसाठी लिहिते. मग तो शोकेसपाशी उभा राहिला आणि त्याने विचारलं, "हा दिवा असा का करतोय?" म्हटलं, रिमोट शोधतोय. जाताना म्हणाला, "लिही."

आपल्या... तुमच्या लेकीचं ते सकाळी न खाता पळणं थांबलं का? मला विचारायचा हक्क नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही सांगितलंत तर मी नाही म्हणणार नाही.

चष्म्याच्या दुकानातली


गुरुवार, २८ तारीख

विहीणबाई,

आज आमच्या ह्यांनी कमाल केली. नवीन रिमोट घेऊन आले! मला न विचारता. माणूस मनाने चांगला आहे हो, त्याला वाटलं बायको त्या दिव्याकडे बघून बघून झुरतेय, तर आणून द्यावा. "हा घे," म्हणाले, "आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि आतच उभी राहिले.

सोबतच्या कागदावर सगळं लिहिलंय. गाडीच्या पोटात एक बारीक बटण आहे, टाचणीच्या टोकाने दाबायचं. दाबून धरलं की गाडी नवीन रिमोटशी जोडली जाते. आणि जुना विसरते. तिला एका वेळी एकाचंच ऐकता येतं. पुढे तुम्ही तुमचा रिमोट हातात घेऊन कितीही दाबलात, तरी ती हलायची नाही. तो मेलेलाच म्हणायचा.

टाचणी हातात घेतली होती. बारीक कामाला माझा हात अडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या नाकावरच्या चौकटी मी या हातांनी सरळ केल्या. आज टाचणी तशीच बशीत ठेवली.

तर आता स्पष्टच लिहिते, आडपडदा ठेवत नाही. मला रिमोट नको होता. रिमोट बाजारात मिळतो, बघितलंत ना, आमच्या ह्यांना एका दुपारात मिळाला. मला तुम्ही हव्या होतात. पोरांचं नाही पटलं. आपलं पटलं होतं. ज्याचं पटलं ते कशाला मोडायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगा. त्या दिवशी कोर्टाच्या बाकावर आपण दोन टोकांना बसलो होतो आणि दोघी समोरची पाटी वाचत होतो. त्या पाटीवर काय होतं, आठवतं का तुम्हाला? मला एक अक्षर आठवत नाही.

पण मलाही मान आहे. चार-चार पत्रं लिहिते आणि तिकडून हूं की चूं नाही, हे किती दिवस चालायचं? रविवारी दुकान बंद असतं, तरी मी येऊन बसेन. गाडी शोकेसमध्ये असेल, दिवा चालू असेल. रस्त्यावरचे दिवे लागले की टाचणी घेईन आणि बटण दाबेन. मग हा विषय संपला. तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल, आणि मी टाकीमागे एकटी जाऊन गाडी उताणी पाडत बसेन.

हे पत्र पोस्टाने नाही, हाताने तुमच्या पेटीत टाकून येतेय. दारावरची बेल वाजवणार नाही.

चष्म्याच्या दुकानातली


सोमवार, १ तारीख

विहीणबाई,

काल तुम्ही एकच वाक्य बोललात आणि आलेल्या बसमध्ये चढून गेलात. त्यामुळे माझ्याकडून उत्तर राहिलं. ते आता लिहिते. पण आधी काल आतून काय दिसलं ते सांगू द्या, कारण तुम्ही बाहेर होतात, तुम्हाला ते दिसलं नाही.

मी दुपारपासून बसले होते. शटर अर्धं वर. टाचणी समोर बशीत. संध्याकाळ झाली, समोरच्या औषधवाल्याने पाटीचा दिवा लावला, मग रस्त्यावरचा पहिला दिवा लागला, मग दुसरा. मी म्हटलं, बास झालं आता. उठले. गाडीकडे हात नेला. आणि दिवा लुकलुकायचा थांबला.

आधी वाटलं, बॅटरी संपली. पण विझला नव्हता. स्थिर झाला होता. एवढासा लाल ठिपका, न हलता. माझा हात हवेत तसाच राहिला. मग चाकं वळली. एकदा डावीकडे. एकदा उजवीकडे. आणि थांबली.

विहीणबाई, दुकानात कुणी नाही, काच बंद, आणि मला कळलं कोण आलंय ते. जन्मात एवढं कशाला बघून थक्क झाले नव्हते. माणूस दिसत नाही, आवाज नाही, मधे रस्ता आहे, गाड्या-घोडे चाललेत, आणि तुमचा अंगठा माझ्या शोकेसमध्ये येऊन पोचला होता.

मग ती चालायला लागली. हळू, अगदी हळू, तुमच्या हातची. चष्म्यांच्या डब्यांची उतरंड होती, तिच्यावर चढली. पुढचं चाक वर, पितळी कडी चमकली, मग मागचं. एक डबा सरकला, ती थांबली, जरा मागे आली, दुसरीकडून गेली. तुम्ही समोरच्या फुटपाथवरून, तेवढ्या लांबून, डबा सरकलेला बघितलात! दोन चौकटी पाडल्यात, त्याचं काही नाही. शेवटी काचेला नाक लावून उभी राहिली. तेव्हा मी बाहेर बघितलं. औषधवाल्याच्या पायरीवर तुम्ही. एका हातात पिशवी, दुसरा हात पिशवीच्या आत.

मी काही तुम्हाला हात केला नाही. तुम्हीही नाही. मी शोकेस उघडली, गाडी उचलली, बाहेर दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि बाजूला झाले. आमच्या तीन पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, माणसालासुद्धा जपून उतरावं लागतं. ती प्रत्येक पायरीच्या काठावर थांबायची, पुढची चाकं हळूच खाली सोडायची, आता उलटते की काय म्हणून मी डोळे मिटून घ्यायचे, आणि उघडावेत तो ती खालच्या पायरीवर चार चाकांवर उभी. भार बरोबर बसलाय, विहीणबाई. तुमच्या हातालाही कळलं असेल. तुम्ही रस्ता ओलांडून आलात तेव्हा ती फुटपाथवर तुमच्या चपलेशी जाऊन थांबली होती, आणि मग चपलेवर चढली. ते तुम्ही मुद्दाम केलंत. मी बघितलं.

तुम्ही तिला उचललंत. वाकून विचारपूस नाही, "कशा आहात" नाही. उताणी केलीत, दिव्याखाली धरलीत, बोटाने एके ठिकाणी पुसलंत, बोट बघितलंत. आणि म्हणालात, "मागचा उजवा शॉक गळतोय, विहीणबाई."

मग तुमची बस आली. गाडी माझ्या हातात दिलीत, रिमोट पिशवीत टाकलात आणि गेलात. मी फुटपाथवर उभी. आमचे हे शटर लावायला आले, तर मला विचारतात, "रडतेस का?" म्हटलं, शॉक गळतोय. त्यांना काही कळलं नाही.

तर आता उत्तर. शॉक खरंच गळत होता. छातीठोकपणे लिहिलं होतं, ते मागे घेते. आज सकाळी बदलला, आतली रबरी कडी चिरली होती.

तुमच्या वाक्याच्या शेवटच्या शब्दाबद्दल मी तुम्हाला विचारलं होतं, दुसरा सापडला तर कळवा म्हणून. तुम्हाला सापडलेला दिसत नाही. मलाही नको आहे.

नवीन रिमोट आमचे हे दुकानात परत देऊन आले. कुरकुरले, पण दिला. लेकाने विचारलं, "आई, रविवारी कुठे निघालीस?" म्हटलं, सासूबाईंकडे. तो हसला. त्याला हसताना बघून मला किती दिवस झाले होते. तुम्ही रिमोट घेऊन मैदानात याच. लेकीलाही विचारा, तिला यायचं असेल तर खुशाल यावं. नसेल तर तिच्यासाठी डबा करते, तुम्ही घेऊन जा. न खाता पळते, मला माहीत आहे.

आणि एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की पोरांनी वाटणी साफ चुकवली. ते पत्र तुमच्याकडे असेल तर तेवढं वाक्य खोडून टाका. गाडी माझ्याकडे राहू दे. रिमोट तुमच्याकडेच ठेवा.

तुमची विहीण